मेंढी सोडून सगळं माझं

२ जानेवारी २०१२, बसवकल्याण
नोकरी पक्की समजा. हैदराबादच्या एका गेम कंपनीला थ्री-डी मॉडेल बनविणारा माणूस पायजे. इंटरव्ह्यू मार्चमध्ये. स्वतः केलेलं काम दाखवा म्हणायलेत. संकल्प: दोन महिन्यांत युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं गाव उभं करायचं. माणसं, घरं, जनावरं, सगळं.

५ जानेवारी
रूम-पार्टनर शिवप्रसाद चार दिवस झालं एकच खुर्ची बनवायलाय. कोपरे घासायलाय. इंजिनिअर हाय का सुतार? अशानं दाढी पांढरी होईल, खुर्ची व्हायची न्हाई.

९ जानेवारी
अक्कल लागते. युनिटीत बनविलेल्या गेमच्या फोल्डरमध्ये सगळा माल गठुडं बांधून ठेवलेला असतो. नेटवर एक सॉफ्टवेअर घावलं, गठुडं सोडतं. गोऱ्यांनी दोन वर्षं खपून केलेला शिपाई चार मिनिटांत माझ्या कंप्यूटरमध्ये! शिवप्रसाद म्हणला, ही चोरी हाय. म्हणलं, एक्स्ट्रॅक्शन म्हणतेत याला. गाढवाला गुळाची चव काय.

१५ जानेवारी
शिपाई आला, पण नुसता गुलाबी. रंगाच्या फायली वेगळ्याच निघाल्या. दोन्ही हात आडवे करून उभा, गुलाबी बुजगावण्यावानी. गोऱ्यांचंच काम कच्चं. त्यांची घाण मी निस्तरायलोय, ते बी संक्रांतीच्या दिवशी.

२ फेब्रुवारी
शिपाई तेवीस, घरं अकरा, मेंढ्या चार, घोडा एक. रंग बसले. शिपायांना धोतर नेसवलं पण हेल्मेट निघंना. असू दे. गावकऱ्यांनी हेल्मेट घातलेलं बरंच हाय.

शिवप्रसादच्या खुर्चीला आता पाय आलेत. तीन.

११ फेब्रुवारी
गावाकडनं, निर्ण्याहून वडील, अप्पा, जवारी घेऊन आले. जन्म गेला मेंढरामागं आणि कंप्यूटरला बोट दाखवायलेत. मेंढी बघून हसले. म्हणले, हे मेंढरू न्हाई, कापसाचं बोचकं हाय, कान कुठं गेले हिचे? लई राग आला. अंगठाछाप माणूस, पॉलिगॉन कशाशी खातेत ते ठाव न्हाई.

१३ फेब्रुवारी
अप्पा गाडी धरेनात. मेंढी नीट कर म्हणून बाजूला ठाण मांडून बसलेत. शेवटी वैतागून स्वतःच एक बनविली, पार शून्यापासून. दोन दिवस पाण्यात. काळी, लोंबते कान, फुगीर नाक. खुरात काटा गेल्यावर मेंढी कशी चालते ते अप्पांनी रूमभर लंगडून दाखविलं, तसंच केलं. मग त्यांनी स्क्रीनपाशी जाऊन तिला हुर्र केलं आणि मुकाट गावाला गेले. सुटलो!

मेंढी अगदीच गावठी दिसायली. काढायला येळ न्हाई, लांब कोपऱ्यात ढकलली.

५ मार्च, हैदराबाद
इंटरव्ह्यू झाला. मॅडम शिपायांवरून झटक्यात पुढं गेल्या. दिपल्या असतील. घोडा बघून तर बाजूच्या साहेबाकडं बघून हसल्या. आणि नेमक्या मेंढीपाशी थांबल्या. दहा मिनिटं! फिरवून फिरवून बघायलेत, चालवून बघायलेत. एवढ्या इंटरनॅशनल गावात हे काळं ध्यान! ही कोणी केली, विचारलं. म्हणलं, मॅडम, तेवढी मेंढी माझी न्हाई, नेटवरून उचलली, बाकी सगळं माझं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणल्या, बाकी सगळं कुठल्या कुठल्या गेममधलं हाय ते आम्हाला ठाव हाय. मेंढी करणाऱ्याचा पत्ता लागला तर सांगा, त्याला उद्याच घेतो.

६ मार्च, सकाळी १०
मॅडमला फोन लावला. म्हणलं, मेंढी माझीच हाय, माझ्या हातची. त्या म्हणल्या, आणि शिपाई? चोरीचा हाय एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण नाक खाली येईना. म्हणलं, शिपाई बी माझाच.

त्या थँक यू म्हणल्या आणि फोन ठेवला.

६ मार्च, दुपारी, परतीची बस
अप्पांचा फोन. विचारायले, आपली मेंढी आवडली का त्यांना? व्हय म्हणलो, सगळ्यात जास्त तीच आवडली. अप्पा तिकडं कोणाला तरी मोठ्यानं सांगायले. मग म्हणले, मग कधीपासून जायाचं कामाला?

रडू आलं. रेंज न्हाई म्हणून फोन कापला. रेंज फुल होती.