गॅस बंद असल्याचा फोटो

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून घरात दोन्ही बाजूंचं तूच बोलतेस? माझी तब्येत चांगली आहे. मागच्या पत्रात छातीत डावीकडे काहीतरी टोचतं असं लिहिलं होतं, ती शर्टाच्या खिशातली किल्ली निघाली. (झोपताना काढायची राहून गेली होती.) तेव्हा त्याची काळजी करू नकोस. काळजी करायला दुसरं आहे, ते खाली लिहितो. घाबरू मात्र नकोस. पत्र बसून वाच.

तुझा फोन बटणांचा, म्हणून तुला सगळं मुळापासून सांगायला हवं. सूनबाईंनी फोनवर ‘रोज नवा फोटो’ नावाचा एक ग्रुप काढला आहे. ग्रुप म्हणजे एक खोली समज. आत पुष्कळ माणसं बसलेली असतात, पण जो बोलेल तोच दिसतो, गप्प बसलेला दिसत नाही. (हे लक्षात ठेव, पुढे लागेल. माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.) नियम एकच, रोज एक फोटो टाकायचा आणि तो त्याच दिवशी काढलेला हवा. जुना चालत नाही. त्यात सूनबाई, त्यांच्या ऑफिसातल्या बायका, सूनबाईंना लहानपणी शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर, विहीणबाई, तुझा भाचा (म्हणजे आमचे चिरंजीव) आणि मी. भाचा कधी काही टाकत नाही की बोलत नाही. मला सूनबाईंनी आत घेतलं ते माझ्या स्वभावामुळे. म्हणाल्या, “बाबा, दिवसभर हे उघडं राहिलं का, ते बंद केलं का, यातच जीव घालवता. त्यापेक्षा रोज काहीतरी सुंदर बघा आणि त्याचा फोटो काढा.” मी बघितलं. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते आणि तिच्यावरून सांडपाण्याचे पाइप खाली आलेले आहेत. त्यातला एक गळतो. तो दिसल्यावर मला आणखी एक काळजी लागली.

माझा स्वभाव तुला सांगायला नको. जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिली, म्हणून माझा कुठल्याच कुलपावर विश्वास नाही. घरातून निघालो की कोपऱ्यावरून परत यायचं, दार ओढून बघायचं, मग गॅस आठवायचा, मग नळ. एकदा तर बसमधून उतरून आलो होतो. पण हातात फोन आल्यावर माझ्या ध्यानात आलं की या यंत्राचा खरा उपयोग कुणालाच कळलेला नाही. निघताना गॅसच्या बंद बटणाचा फोटो काढायचा, बंद नळाचा काढायचा, दाराला कुलूप घातलं की कुलपाचा काढायचा. बसमध्ये बसून फोटो बघायचा. मन शांत. लोक हे यंत्र फुलांवर का वाया घालवतात, मला समजत नाही. फूल उघडं राहिलं तर बिघडतं काय?

आता झालं असं, की एके दिवशी बोट चुकलं आणि कुलपाचा फोटो ग्रुपमध्ये गेला. मी पुसायच्या खटपटीत होतो, तोवर मास्तरांनी लिहिलं, “या बंद दारात केवढा एकांत आहे.” मी पुन्हा निरखून बघितलं. एकांत वगैरे काही नव्हता, सात लिव्हरचं कुलूप होतं. पण मास्तर शिकलेले, त्यांना दिसला असेल. सूनबाईंनी लिहिलं, “बाबा, मस्त.” आणि विहीणबाईंनी, ज्यांनी लग्नापासून आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीला बरं म्हटलेलं नाही (मांडवात मी त्यांच्या सामानाच्या खोलीचं कुलूप तपासायला गेलो आणि ते माझ्याच हातात अडकलं, तेव्हापासून), त्यांनी ‘छान’ असं लिहिलं. एवढंच, पण लिहिलं. ताई, तुला खरं सांगतो, मी तो ‘छान’ दिवसभर उघडून बघत होतो.

मग मी रोजच टाकू लागलो. आज गॅस, उद्या नळ, परवा कुलूप. मास्तर म्हणाले ही मालिका आहे. मी म्हटलं असेल. मध्येच एक धसका बसला. घराला कुलूप घातल्याचा फोटो टाकणं म्हणजे मी घरात नाही हे दवंडी पिटून सांगणं नाही का? म्हणून ठरवलं, कुलपाचा फोटो घरी परत आल्यावर टाकायचा आणि गॅसचा निघताना. गॅसवरून चोराला काय कळणार? हे इतकं बारकाईनं लिहितो याचं कारण असं, की तुझा भाचा म्हणतो मला आता भान राहत नाही. ज्याला भान नाही तो इतका विचार करेल का, तूच सांग.

तर त्या दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, कवळी घासत होती म्हणून. दूध तापत ठेवलं होतं. निघताना नेहमीप्रमाणे गॅसचा फोटो काढला, नळाचा काढला, कुलूप घातलं, त्याचा काढला. बसमध्ये बसल्यावर गॅसचा फोटो ग्रुपमध्ये पाठवला आणि निश्चिंत झालो. फोटो पुन्हा उघडून मात्र बघितला नाही. आधी कसं होतं, की बटण बंद करायचं, हात लावून बघायचं, मग फोटो. पुढे पुढे हात लावणं गेलं. त्या दिवशी बंद करणंही गेलं, फोटो तेवढा राहिला. हजेरी लावून कामगार घरी निघून जातो, तसं झालं.

डॉक्टरांकडे नंबर यायच्या आधीपासून फोन खिशात थरथरत होता. मी आत खुर्चीवर पडून तो उघडला. मास्तरांनी लिहिलं होतं, “आज प्रथमच मालिकेत प्राण आला. त्या निळ्या पाकळ्या पाहा.” सूनबाईंच्या ऑफिसातल्या एकीनं फुलं पाठवली होती. विहीणबाईंनी लिहिलं होतं, “निळा रंग किती शांत.” (चार शब्द. याआधी कधीच एकाच्या वर नाही.) मला फार बरं वाटलं. मग मनात आलं, निळा कुठला? माझ्या गॅसचं बटण तर काळं आहे. चष्मा लावला. फोटोत गॅसवर पातेलं होतं, पातेल्याखाली चांगली मोठी ज्योत होती, आणि बटण डावीकडे फिरवलेलं होतं.

कवळी तेव्हा डॉक्टरांच्या हातात होती. ती तिथेच ठेवून मी निघालो. वाटेतून खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना फोन केला, पण दातांशिवाय माझं बोलणं त्यांना काही उमगेना. कुणीतरी चिडवतंय समजून त्यांनी फोन ठेवला. मात्र त्या आधीच दाराशी गेल्या होत्या, कारण जळक्या दुधाचा वास जिन्यात पसरला होता. आता दार उघडणार कसं? किल्ली मी कुणाकडेच ठेवत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्याकडेही ठेवली नाही. म्हणून त्यांनी ‘दोन मिनिटं’ला बोलावलं.

हा ‘दोन मिनिटं’ म्हणजे माझ्या दुकानासमोर ज्यानं दुकान टाकलं तो. कुठलंही कुलूप दाखवा, हा म्हणणार, दोन मिनिटांत उघडतो. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलो की साधी कुलपं उघडेल, चांगल्या कुलपाला हात लावायची त्याची टाप नाही. मी घरी पोचलो तेव्हा दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, गॅस बंद, पातेलं मोरीत. तो माझ्या खुर्चीत बसला होता आणि माझं कुलूप टेबलावर ठेवलेलं होतं. फोडलेलं नव्हतं, ताई. उघडलेलं होतं. एक ओरखडा नाही.

“काका, कुलूप चांगलं आहे हं,” तो म्हणाला. “मला वेळ लागला.”

मी खुणेनं विचारलं, किती.

“दोन मिनिटं.”

“कसली दोन,” शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. “मी इथे उभी होते. बोलताबोलता उघडलं.”

तोंडात दात नसल्यामुळे मला काही उत्तर देता आलं नाही. एका परीनं बरंच झालं. जाताना माझ्याच कुलपात त्यानं तेलाचा थेंब सोडला, म्हणाला आतून कोरडं पडलंय.

नुकसान म्हणशील तर एक पातेलं आणि भिंतीवर थोडं काळं. पण संध्याकाळी तुझ्या भाच्याचा फोन आला. वर लिहिलं ना, खोलीत गप्प बसलेला माणूस दिसत नाही, तो हा. त्यानं विचारलं, “बाबा, आजचा फोटो आजचाच आहे का?”

माझी अडचण बघ. आजचा आहे म्हणावं, तर गॅस चालू ठेवून गेलो हे कबूल होतं. जुना आहे म्हणावं, तर ग्रुपचा एकुलता एक नियम मोडला, आणि मास्तर आणि विहीणबाई यांच्यासमोर इतक्या दिवसांनी झालेलं थोडंफार नाव मातीत. मी म्हणालो, कला आहे ती. मुद्दाम पेटवला.

“मुद्दाम पेटवून तुम्ही कुठे होता?”

मी म्हटलं, शेजारीच उभा होतो. दुसरं कुठे जाणार?

“पातेल्यात तुम्ही दिसताय, बाबा. डोक्यावर टोपी आहे. खांद्याला पिशवी आहे.”

पातेलं घासूनपुसून लख्ख ठेवायची सवय तुझ्या भावजयीनं लावलेली. तिला काय कल्पना.

तो चिडला नाही. चिडला असता तर मीही चिडलो असतो आणि मिटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, “आता तुम्हाला एकटं ठेवणं मला बरं वाटत नाही. मी आत्याशी बोलतो, मग तुम्ही इकडे कधी यायचं ते ठरवू.”

त्याचं घर चांगलं आहे, सूनबाई चांगल्या आहेत, माझ्यासाठी उजेडाची खोली ठेवली आहे. पण ताई, तिथे दाराला कुलूप नाही, आकडे दाबले की दार उघडतं आणि आपणहून लागतं. गॅसला ज्योत नाही, काचेची एक पाटी तापते आणि भांडं उचललं की गार होते. नळाखालून हात काढला की पाणी थांबतं. तिथे मला बंद करायला काहीच नाही. मी सकाळी उठून करू काय? इथे गॅस आहे, नळ आहे, कुलूप आहे, लोकांनी करून घेतलेल्या आणि न्यायला विसरलेल्या किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. कुणी कधी मागायला आलं तर मी इथे असायला हवा.

असो. बाकी सगळं ठीक आहे. कवळी आता बसते. भावोजींना नमस्कार सांग (मोठ्यानं). गुडघ्याला शेक घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. नवं पातेलं आणलं आहे. ॲल्युमिनियमचं. त्यात कुणी दिसत नाही.

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. भाच्याचा फोन आला तर त्याला एवढंच सांग, की “तो फोटोसाठी गॅस पेटवून शेजारीच उभा होता, थंडी वाजत होती म्हणून टोपी घातली होती, असं त्यानं मला सांगितलं होतं.” यात तुला खोटं बोलावं लागत नाही. मी तुला आत्ता सांगितलंच आहे. पिशवीचं त्यानं विचारलं तर विषय गुडघ्यावर ने.

ता. क. पाकीट एकदा चिकटवून पुन्हा उघडलं आहे, म्हणून कडेला डिंक जास्त दिसेल. सगळी पानं आत घातली की नाही ते आठवेना. आता सगळी पलंगावर पसरून एकेका पानाचा फोटो काढला. फार बरं वाटलं.

ता. क. फोटो ग्रुपमध्ये गेले. मास्तरांनी लिहिलं, “अक्षर फार बोलकं आहे.” विहीणबाईंनी अजून काही लिहिलेलं नाही. तुझा भाचा मात्र ग्रुपमध्ये पहिल्यांदाच बोलला. लिहितो, “बाबा, तिसरं पान आलं नाही. दूध तापत ठेवलं, पुढे काय?” तासाभरानं त्यानं माझ्या एकट्याच्या फोनवर लिहिलं, “आत्याला कामाला लावू नका. शनिवारी येतो. आपोआप बंद होणारा गॅस बसवू आणि किती दिवस जमतंय ते बघू. कुलूप तुमचं तुम्ही ठेवा, पण एक किल्ली खाली शिवणकामवाल्या काकूंकडे द्यायची. हे कबूल असेल तर फोटो टाका.” किल्ली बनवायला घेतली आहे. काकूंच्या हातात दिली की तिचा फोटो टाकतो. आधी देतो, मग काढतो.

ता. क. (हे पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहितो आहे.) तिसरं पान उशीखाली सापडलं, ते आत घातलं आहे. घातल्याचा फोटो काढलेला नाही, हात लावून बघितलं आहे. तू ते फोनवर भाच्याला वाचून दाखव. टोपीचं राहू दे.