सख्खी बहीण

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

लातूरच्या दवाखान्यात जाऊन आले, अक्का होती तिथंच. पोटातली गाठ नारळाएवढी झालीय. उजवीकडे. अक्कालाही उजवीकडेच होती! डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी पाहिली, मग माझ्याकडे. "तुम्ही गौरम्माच्या सख्ख्या बहीण ना?"

मी हो म्हटलं.

मग धोका नको, म्हणाल्या. बहिणीला अंडाशयाचा कॅन्सर होता, ही गाठही तिथलीच दिसतेय. दोन्ही अंडाशयं आणि गर्भपिशवी, सगळंच काढू. सोमवारी ऑपरेशन.

बुधवार, १० सप्टेंबर

गौरम्मा, म्हणजे अक्का, माझी जाऊ. बहीण नव्हे.

फेब्रुवारीत आयसीयूच्या दारात नर्स म्हणाली, रक्ताचं माणूसच आत जाईल. थोरले दीर उदगीरला घरी गेलेले, अक्काची लेक ऋतुजा नांदेडला हॉस्टेलवर. मी म्हटलं, सख्खी बहीण! तिनं तसंच लिहून घेतलं. आत अक्का हसली — "तुझं नाक बघ, माझं बघ. कोण म्हनंल बहिणी?" मग तिनं माझा हात सोडलाच नाही. तीन दिवस. शेवटपर्यंत.

ते खोटं पुसायला जीव होत नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ऋतुजाचा फोन. "काकू, जेवलाव का?" हो म्हटलं. जेवले नव्हते. अजून अक्काची भाकरी धरूनच पीठ मळते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

यांना सगळं सांगितलं. हे — "लेकरू न्हाई झालं तरी चालंल. पण असल्या खोट्यापायी नको. लाजायलीस कशाला? सांग की मॅडमला!"

लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलाबद्दल हे पहिल्यांदा बोलले.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळी आत नेण्याआधी सांगितलं. बहीण नाही, जाऊ. मॅडम चिडल्या. "अहो बाई, एवढी मोठी गोष्ट!" मग नव्यानं सही घेतली — आधी फक्त गाठ काढायची, तिथंच तुकडा तपासायचा, मगच पुढचं. कागदावरचं 'बहीण' त्यांनी खोडलं. मी तिकडे बघितलं नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

गाठ साधी! अंडाशयाची नव्हतीच. आतड्यामागे एका नसेच्या आवरणातून वाढलेली. क्वचितच होते म्हणे, आणि सोनोग्राफीला हमखास फसवते. बाकी सगळं जागच्या जागी. हे वॉर्डभर पेढे वाटत सुटलेत.

मला मात्र एकटं वाटायलंय. दोघींचं दुखणं तरी एक होतं. तेही गेलं.

शनिवार, २० सप्टेंबर

मॅडम टाके बघून गेल्या. दारातून परत वळल्या. "तुमचा प्रश्न मिटला, तुमचं रक्ताचं नातं नव्हतं. पण गौरम्माला मुलगी आहे का हो?"

ऋतुजा उद्या यायचीय. मला बघायला.