मामांना पाचपैकी दोन

८ जून, सोमवार
लुपे मॅडमनी आज बाँबच टाकला — यंदा सगळ्यांना पाचपैकी पाच चालणार नाहीत! "गेल्या वर्षी आपल्या पाणी खात्यात एकजात सगळे उत्कृष्ट होते, आणि निम्म्या सवाई बेटावर नळ कोरडे. इओआने, या वेळी खरे गुण द्या. नाहीतर कायम व्हायचं विसरा." मी बाणेदारपणे "हो मॅडम" म्हणालो. परदेशी, सुव्याला जाऊन कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन शिकून आलोय ना! प्रमाणपत्र भिंतीवर आहे. जरा तिरकं.

माझ्या हाताखाली मीटर वाचणारे चौघं. तिघं ठीक. चौथे पेनिआमीना मामा — आईचे थोरले भाऊ आणि आमच्या घराण्याचे प्रमुख. गावात त्यांच्यासमोरून जाताना मी कमरेत वाकतो. त्यांच्या नोंदी म्हणजे आनंद! पाद्रीबाबांच्या नळाला हॉटेलाएवढं पाणी आणि हॉटेलाला पाद्रीबाबांएवढं.

९ जून
तीन दिले तर भित्रा. दोन दिले तर मेलो.

१० जून
मूल्यमापन! नियमाप्रमाणे समोरासमोर बसायचं. मामा आले, खुर्चीत बसले. आता त्यांच्या बरोबरीनं मी कसा बसणार? मुकाट्यानं जमिनीवर मांडी घातली. कोको घेऊन आलेली बाई आधी कप कुणाला द्यावा म्हणून घोटाळली. मग तिनं मला दिलाच नाही.

"मामा, आकडे चुकतायत."
"हं."
"उशीरही होतो."
"हं."
"म्हणून... म्हणजे... दोन."

मामांनी पेन उचललं. मग "बरं" म्हणाले आणि सही केली — रेघ सोडून पार खाली. रागाच्या भरात केली असणार. सुव्याला हे शिकवलं नव्हतं.

१२ जून
गावभर झालंय. पाव घ्यायला गेलो तर दुकानवाली म्हणते, "दोन देऊ, की पाच परवडतील?"

१४ जून, रविवार
चर्चनंतरच्या जेवणाला माझ्याशी कुणी बोललं नाही. आईनं पुढ्यात नुसता उकडलेला तारोचा कंद आदळला. "उद्या पहाटे त्यांच्या दारात गुडघे टेकायचे. डोक्यावर चटई घेऊन."
"आई, तशी माफी खून झाल्यावर मागतात!"
"मग तू काय केलंयस?"

१५ जून
गेलो. आईनं तिच्या लग्नातली बारीक विणीची चटई काढली. तिच्याखाली मी आणि सोबतीला आलेला माझा मेहुणा तावीता. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसा तसेच! ऊन वर आलं. गुडघ्यांची वाट लागली. चटईखाली मी स्वतःचंही मूल्यमापन करून घेतलं — धैर्य एक, गुडघे शून्य. तावीता घोरत होता.

शेवटी मामा आले. चटई उचलली. बायका रडायला लागल्या. मामांनी दोन्ही हातांनी चेहरा धरला आणि म्हणाले, "इओआने, ऊठ बाळा. तू चुकला नाहीस."

चेहरा तावीताचा! तावीता माझ्या दुप्पट, वर हातभर दाढी. पण पठ्ठ्यानं गंभीरपणे माफी स्वीकारली! मला हसू आवरेना. मामांना माझं तोंडसुद्धा बघायचं नाही तर, असं वाटलं आणि जरा टोचलंही.

घरी आल्यावर फेतूला सगळं साभिनय करून दाखवलं. बायको आहे, हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "दाढी हाताला लागूनही त्यांना कळलं नाही?" एवढंच म्हणाली.

१६ जून
आई म्हणते, माफी मिळाली, आता तो आकडा बदल. मॅडम म्हणतात, बदललात तर बघा. मी दोघींना "हो" म्हणालो. फेतूनं मला परस्पर मामांकडे पिटाळलं. आपियाच्या बोटीची तिकिटं तिनं आधीच काढली होती.

२ जुलै, आपियाचं मोठं इस्पितळ
मामांना साखरेचा आजार. कितीतरी वर्षांची. डावा डोळा गेला, उजवा वाचेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर दोन्ही वाचले असते.

मामा पट्टी बांधून पडलेत. म्हणाले, "घराण्याचा प्रमुख मी. मला दिसत नाही, हे मी कुणाला सांगू रे? वाटायचं, कुणीतरी साहेब विचारेल, म्हाताऱ्या, का चुकतोस? एकानंही विचारलं नाही. दरवर्षी सगळे पाच देत राहिले."