तिथे म्हणजे कुठे?

४ सप्टेंबर, सोमवार

झाला! अकरावा धडा आज ‘झाला’. परागसरांनी फळ्यावर ‘मानवी प्रजनन’ लिहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘‘सोपा आहे. घरी वाचा.’’ लगेच फळा पुसला. अक्षरं गेली तरी डस्टर फिरतंच होतं! हा धडा शिकवणं सक्तीचं आहे म्हणे, म्हणून ‘शिकवून पूर्ण’ अशी सही ठोकली. (परागसर हे आम्ही ठेवलेलं नाव. फुलं, पराग, मधमाश्या — यावर दोन आठवडे बोलतील. माणसं आली की गाडी अडते.)

घरी आईला म्हटलं, तू सांग. ‘‘शाळेत शिकवतात ना ते!’’ बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. साबणाची जाहिरात इतकी मन लावून कुणी पाहिली नसेल.

खरं म्हणजे मला धड्याचं काही पडलेलं नाही. मला खाज सुटतेय. लघवीला आग होते. बाकावर धड बसवत नाही. — खोलीत एकटीच आहे, तरी हे लिहिताना पानावर हात आडवा धरलाय!

६ सप्टेंबर, बुधवार

आईला सांगितलं शेवटी. पहिला प्रश्न — ‘‘कुणाला बोलली नाहीस ना?’’ दुसरा — ‘‘काही केलं नाहीस ना?’’ खूप दुखतंय का, हे त्यानंतर.

संध्याकाळी डॉक्टरकाकांकडे. मी लहान असल्यापासूनचे आमचे डॉक्टर. पेशंटच्या खुर्चीत मी, बोलतेय आई.

‘‘हिला त्रास होतोय.’’

‘‘कुठे?’’

‘‘तिथे.’’

‘‘असं, असं.’’ काका पेपरवेट न्याहाळत होते. ‘‘होतं या वयात. लग्न झालं की आपोआप जातं.’’

टॉनिक दिलं. भुकेचं!

७ सप्टेंबर, गुरुवार

भूक वाढली. आगही.

१० सप्टेंबर, रविवार

अकरावा धडा खरोखरच घरी वाचला. शेवटी बारीक अक्षरात एक चौकट — सोळा पूर्ण झालेल्यांना (मला जुलैतच झाली!) सरकारी दवाखान्यात एकट्याने जाता येतं. तपासणी, औषध, सल्ला, सगळं मिळतं. आणि आपल्याला विचारल्याशिवाय त्यांनी घरच्यांना काही सांगायचं नाही. कायदा आहे! शाळा सुरू झाल्यापासून हा कायदा माझ्या दप्तरात डब्याखाली चेपून पडला होता.

१२ सप्टेंबर, मंगळवार

गेले! शेवटचा तास बुडवला.

पाटी केवढी — ‘युवा कक्ष. गोपनीय सल्ला.’ कक्ष म्हणजे एक पडदा, तोही गुडघ्यापर्यंत. खिडकीतल्या बाईंना हळूच सांगितलं. ‘‘मोठ्याने बोल गं, पंखा चालू आहे!’’ पुन्हा सांगितलं. मी बाकड्यावर बसते न बसते तोच हाक — ‘‘ती गोपनीयवाली मुलगी कोण? आत जा!’’

सगळ्या माना वळल्या. त्यातली एक आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची. गुडघा दाखवायला आल्या होत्या. तो गुडघा पुढे असा काही पळाला, की माझ्या आधी बातमी घरी पोचली.

पण आतल्या डॉक्टरबाई! ‘योनी’ म्हणाल्या. कोपर म्हणावं तसं. तपासलं — आधी विचारून. ‘‘बुरशीचा संसर्ग आहे. खूप जणींना होतो. औषधाने जाईल.’’ मला रडू फुटलं.

‘‘दुखलं का गं?’’

‘‘नाही. तुम्ही मला विचारलंत म्हणून.’’

घरी आई दारातच. ‘‘कितवा महिना?’’ — काकूंच्या बातमीत एवढी प्रगती झाली होती! बाबा टीव्ही बंद करून बसलेले. मी औषध टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं, ‘‘योनीला बुरशीचा संसर्ग झालाय.’’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. भिंती जागच्या जागी राहिल्या.

मग बाबा, फार धीर करून — ‘‘जेवणाआधी घ्यायचं की नंतर?’’

‘‘खायचं नाहीये ते, बाबा.’’

बाबा बाल्कनीत गेले. आई भिंतीला टेकून खाली बसली. हसत होती की रडत, कळलं नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

बरी झाले! अख्खा तास बाकावर बसले, राणीसारखी.

आणि विचारलंच — ‘‘सर, अकरावा धडा कधी शिकवणार?’’

‘‘परीक्षेला येत नाही तो.’’

‘‘पण आजार येतो ना, सर.’’

मागून कुणीतरी बाक वाजवला, मग सगळ्यांनी. मुख्याध्यापिका धावत आल्या. मी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचं सांगितलं. निर्णय झाला — शनिवारी त्या डॉक्टरबाईंना बोलवायचं. मुली वर्गात, मुलगे मैदानावर कवायतीला! मुलगे भडकले. ‘‘आम्हाला काय शरीर नाही?’’ परागसर म्हणाले, ‘‘म्हणूनच कवायत.’’

२३ सप्टेंबर, शनिवार

मुलगे खिडक्यांना लटकून ऐकत होते. डॉक्टरबाईंनी खिडक्या उघडायला लावल्या आणि आवाज चढवला. परागसर सगळ्यात मागे, हातात वही. लिहून घेत होते!

२५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘त्या डॉक्टरबाई मोठ्या बायकांनाही बघतात का गं?’’

‘‘का? कुणाला दाखवायचंय?’’

टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. ‘‘माझं अंग बाहेर येतं, पिशवी खाली सरकल्यासारखं. फार वेळ उभं राहवत नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तू झालीस तेव्हापासून.’’