अपसव्यापुरता हात

५ जानेवारी
उजवा खांदा आखडला. डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. १४ मार्चला बायकोचं, स्नेहलताचं वर्षश्राद्ध. मुलगा नाही, मीच करणार. विधीत गुरुजी अपसव्य म्हणाले की जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचं, पुन्हा डाव्यावर, असं कितीदा तरी. त्यासाठी उजवा हात उचलायला हवा. दहा आठवडे आहेत, पुष्कळ झाले. तिच्या आजारपणात सगळं मी एकट्यानं केलं. हेही कोणाची मदत न घेता.

७ जानेवारी
फिजिओथेरपी सुरू. चारुलताबेन म्हणून आहेत, गुजराती, माझ्या मुलीहून, कांचनहून लहान. विचारलं, काका, गेल्या वर्षी काही वजन उचलायचात? नाही म्हटलं. स्नेहलताला पलंगावरून खुर्चीत आणि परत, चार महिने उचललं. पण ते वजन नव्हे. शेवटी अडतीस किलो होती. कारण स्कूटर असावी.

१० जानेवारी
व्यायाम सोपा. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा. पोचेल तिथे पेन्सिलीची खूण केली. रिफायनरीत चौतीस वर्षं मीटर तपासले, मोजमापात आपण चुकत नाही. रोज तीनदा करणार.

२२ जानेवारी
तीनदा होत नाही. एकदाच, पण मन लावून. काल केला नाही. परवाही नाही. खांद्याला विश्रांती लागते.

३ फेब्रुवारी
खूण पाच इंच वर! असंच चाललं तर मार्चमध्ये पंखा पुसेन.

४ फेब्रुवारी
चारुलताबेनना करून दाखवलं. त्या हाताकडे बघेचनात, पायांकडे बघत होत्या. काका, एडी नीचे, म्हणाल्या. टाचा टेकल्या. चार इंच गेले. उरलेला एक इंच कंबर वाकवल्यामुळे, असं त्यांचं मत. अनुभव कमी आहे त्यांना.

१७ फेब्रुवारी, दुपारी १२
बनियन काढताना अडकलो. डोकं आत, डावा हात बाहेर, उजवा ना आत ना बाहेर. वीस मिनिटं. आत स्नेहलताच्या साबणाचा वास. अजून तोच आणतो. मग घाई केली नाही. शेजारचे हिंमतराव पेपर मागायला आले. बनियनवर टकटक करून म्हणाले, कोण आहे आत? सोडवल्यावर म्हणाले, अहो, कांचनला बोलवा. म्हटलं, बनियन धुवून आटलंय. उद्यापासून पुढे बटणं असलेले सदरे.

२ मार्च
कांचनचा पुण्याहून फोन. खांदा ऐंशी टक्के बरा, सांगितलं. ती म्हणाली, बाबा, त्या हातानं केस विंचरता का? म्हटलं, केसच कुठे राहिलेत. हसली नाही. दोन दिवस आधी येते म्हणाली. हिंमतरावांनी फोन केलेला दिसतो.

१३ मार्च
चारुलताबेन म्हणाल्या, उद्या जबरदस्ती ना करता, काका, म्हणजे जोर करू नका. सहा महिने लागतील. त्यांना श्राद्धातलं काय कळणार. ऐन वेळी हात उठतो.

१४ मार्च, दुपारी ३
भास्करराव गुरुजी म्हणाले, अपसव्य. हात छातीपर्यंत उठला आणि थांबला. पुन्हा म्हणाले. पुन्हा तेवढाच. कांचन मागून आली, तिनं जानवं फिरवून दिलं. मी म्हटलं, पुढचं मी करतो. पुढचंही तिनंच केलं. तिसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, ताई, तुम्ही उठबस करू नका, शेजारीच बसा.
तर्पणाचं पाणी मी सोडलं. कोपर तिनं धरलं होतं. पाणी कोणाच्या हातचं धरायचं, गुरुजींना विचारलं नाही.