पाच गोण्या जास्त

४ मार्च, मंगळवार

हात अजून थरथरतायत. दिवसभर व्हायब्रेटर धरला – ओतलेलं काँक्रीट बसवायचं ते धूड. पेन सरळ चालत नाही. अक्षर आधीच दिव्य!

ताईचा फोन. घराचं जोतं झालं, आता आत जमिनीचा कोबा. मिस्त्री म्हणतो, सिमेंट किती ते तुमच्या भावालाच विचारा, तो त्यातच असतो. झालं, छाती फुगली. चोवीस फूट बाय अठरा, जाडी चार इंच – एकशे चव्वेचाळीस घनफूट. एका गोणीत साडेपाचच्या आसपास काँक्रीट निघतं. म्हणजे सव्वीस. सांडलवंड धरून अठ्ठावीस सांगितल्या. सहावीत शाळा सुटली, पण एवढं जमतं.

६ मार्च

झोप नाही. खोलीत सहा जण, पंखा एक, त्याचीही मान टकल्याकडेच वळलेली.

९ मार्च, रविवार

मिस्त्री तेहेतीस मागतोय. पाच जास्त! ताई म्हणाली, लागत असतील. मी म्हटलं, लागत नाहीत, जिरतात. पाच गोण्यांत त्याच्या स्वतःच्या घराची मोरी होते, अंगण होतं.

टकल्या मिक्सरची गाडी चालवतो, त्याला सांगितलं. म्हणाला, तू इथे, घर तिथे – मिस्त्रीला सासुरवाडीच मिळाली की.

बाबांना फोन द्यायला लावला. म्हटलं, तुम्ही स्वतः उभे राहा, टेप धरा, माप घ्या. बाबा म्हणाले – "मिस्त्री माझा माणूस आहे. तू तुझं काम बघ."

इथे हाडं खिळखिळी करतोय ती कुणासाठी? फोन कापला.

१० मार्च

कोबा अडलाय. ताई म्हणते, बाबा नीट जेवत नाहीत. मी काय करू? उठून जाऊ? मन तर रोज जातं. पण मी गेलो की मुकादम दुसरा माणूस लावणार. दोन वर्षं हेच चाललंय. इथेही जीव लागत नाही, तिथेही जाता येत नाही.

११ मार्च

मिस्त्रीला सरळ फोन लावला. चोर म्हणालो. वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं.

१२ मार्च, बुधवार

मिस्त्रीचाच फोन. म्हणाला, माप लिहून घे. दारापुढे उतार – लांबी अठरा फूट, रुंदी चार, जाडी चार इंच.

लिहिलं. चोवीस घनफूट. चार गोण्या संपतात, पाचवी फोडावी लागते. बरोबर आहे त्याचं. विचारलं, उतार कशाला? पायऱ्या ठरल्या होत्या ना?

"बाबांची चाकाची खुर्ची पायऱ्या चढेल का रे?"

मागच्या वर्षीच पडले म्हणे. पोरगं काम टाकून येईल, कळवायचं नाही – सगळ्यांना त्यांचीच ताकीद.

चढ फुटाला इंचभरच ठेवलाय, म्हणाला. ताईला एकटीला ढकलता यावं म्हणून.