नेढ्यातून वाडी दिसते का

आई, परवा राजगडावर गेले होते आणि नेढ्यात चढले. सुवेळा माचीच्या कातळाला आरपार पडलेलं ते भोक, दोन्ही अंगांना नुसती दरी. पन्नाशी उलटल्यावर हे काय खूळ, असं म्हणाली असतीस आणि त्याच दमात विचारलं असतंस, काय दिसलं?

दर रविवारी तू दह्याची गाडगी पाटीत घालून वर चढायचीस, मी मागून साखरेचा डबा घेऊन. तळ्याजवळ तुझी जागा ठरलेली. एवढ्या गोड दह्यात साखर मागणाऱ्यांना तू मनातून हसायचीस. नेढ्याकडून परतलेलं गिऱ्हाईक मात्र तुझ्या तावडीतून सुटत नसे. "आत वारं कसं लागतं वो? घेरी येती का? आमची वाडी दिसती का तिथनं?" पुण्याच्या माणसाला आपली वाडी काय ठाऊक! एकदा कॉलेजच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्यादेखत मी फणकारले, "सारखं काय विचारतीस लोकांना? लाज वाटती मला." तू म्हणालीस, "बरं बाई, न्हाई इचारत." आणि पुन्हा कधीच विचारलं नाहीस. मला वाटायचं, तू पन्नासदा तिथं जाऊन आली असशील, गिऱ्हाइकाशी उगाच बोलणं वाढवतेस.

परवा तळ्याजवळ तुझी मैत्रीण भेटली. अजून दही विकते, आता शेजारी कांदाभजीही तळते. गरम भजी खाता खाता मी तुझा विषय काढला. ती म्हणाली, "तुजी आई कदीच गेली न्हाई गं नेढ्यात. लई वाटायचं तिला. पर गाडगी टाकून जायाचं कसं? माकडं टपल्यालीच."

अगं, मी होते ना तिथं! तासभर गाडगी राखायला मला काय झालं होतं? तू जाऊन ये, एवढं म्हणायचं मला एकदाही सुचलं नाही, याची फार लाज वाटते. ती लाज तेव्हा वाटायला हवी होती.

तशीच उठले आणि माची गाठली. उतरून आल्यावर दही खाल्लं, साखर घालून. वर काय दिसलं ते कुणीच विचारलं नाही.

हा कागद घडी करून तुझ्या साखरेच्या डब्यात ठेवणार आहे. पण खरं सांगते, नेढ्यात बसले आणि उतरायला वळेपर्यंत डोळे गच्च मिटून घेतले होते. वारं गार लागतं. घेरी येते. वाडी दिसते की नाही, ते मलाही ठाऊक नाही.